कुणी ठरवलं हा अपघात होता?

आमच्या सल्ला केंद्रात बायका येतात तेव्हा आधी रडतात, मग बोलतात, आणि कागद आपल्याला मागावा लागतो. ही मुलगी आली ती कागद घेऊनच. वय २२. बसलीसुद्धा नाही. प्लॅस्टिकच्या पिशवीतून झेरॉक्सचा गठ्ठा काढून तिने माझ्यासमोर ठेवला आणि एका ओळीवर बोट टेकवलं. "सदर मयत महिला ही अचानक रस्त्यावर आल्याने अपघात घडला असून यात टँकरचालकाचा दोष दिसून येत नाही. सबब 'क' समरी मंजूर होणेस विनंती आहे."

"ताई," ती म्हणाली, "हे कुणी ठरवलं?"

तिची आई भाजी विकायची. जून २०२३मधली गोष्ट. पहाटे साडेपाचला मार्केटला जायला नाक्यावर रिक्षाची वाट पाहत उभी असताना पाण्याच्या टँकरखाली गेली. नऊ महिने या पोरीची समजूत अशी, की केस कोर्टात चालू आहे, तारीख लागली की आपल्याला बोलावतील. विम्याच्या दाव्याच्या वकिलाने चार्जशीट आणायला सांगितलं, म्हणून ती ठाण्यात गेली, तेव्हा कळलं की चार्जशीट नाहीच. केस बंद करण्याचा अहवाल कोर्टात जाऊन पडलाय. तिला कुणी कळवलं नाही, विचारलं नाही.

मला तिच्या प्रश्नाचं उत्तर तेव्हा नीट देता आलं नाही. समाजकार्याची पदवी घेताना कायद्याचा एक पेपर होता, त्यात पोटगी होती, हुंडा होता, बालकामगार होते. रस्ता नव्हता. नंतर मी विचारत गेले, कागद वाचत गेले, आणि जे कळलं त्याने राग आला. तो राग इथे मांडते आहे.

आपल्या सगळ्यांच्या मनात सिनेमातला सरकारी वकील असतो. गुन्हा घडला की तो पुरावा पाहतो, खटला भरायचा की नाही ते ठरवतो, अशी आपली कल्पना. आपल्याकडे तसं होत नाही. चार्जशीट पाठवायची की समरी, हे पोलीस ठाण्यातला तपासी अंमलदार ठरवतो. बहुतेक अपघातांत तो हवालदार असतो, फार तर फौजदार. सरकारी वकील चित्रात येतो ते कागद कोर्टात गेल्यावर. ज्या सहायक सरकारी वकिलांना आम्ही या मुलीच्या कामासाठी भेटलो, ते भले गृहस्थ होते. ते म्हणाले, "मॅडम, माझ्या टेबलावर जे येतं ते मी चालवतो. जे येतच नाही त्याचं मी काय करू?"

यात त्यांची चूक नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००० साली आर. सरला विरुद्ध टी. एस. वेलू या निकालात हेच सांगितलं आहे. तपास हे पोलिसांचं काम आणि खटला चालवणं वकिलाचं. चार्जशीट कशी असावी यासाठी सरकारी वकिलाचं मत घ्याच, असा आदेश पोलिसांना देता येणार नाही. ती केस कशाची होती माहीत आहे? लग्नाला सात महिने व्हायच्या आत आत्महत्या केलेल्या एका नवऱ्या मुलीची. त्या निकालामागचा विचार मला कळतो. वकील पोलिसांच्या पंखाखाली गेला तर तो कोर्टाचा राहत नाही. आपल्या महाराष्ट्रात तर सहायक सरकारी वकील बरीच वर्षं पोलीस खात्याच्याच अमलाखाली होते, आणि त्यांना त्यातून मोकळं करा असं १९९५ साली शहाणे विरुद्ध महाराष्ट्र शासन या निकालात सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं. वकील मोकळा झाला, छान झालं. पण तो मोकळा होऊन बाहेर उभा राहिला आणि आत ठाण्यात निर्णय एकट्या हवालदाराच्या हातात राहिला. त्या निर्णयाची कारणं लिहून नातेवाइकांसमोर ठेवायला त्याला कुणी सांगितलेलं नाही.

समरी हा शब्द आपल्या कार्यकर्त्यांना बलात्काराच्या आणि ४९८-अच्या केसेसमुळे ठाऊक आहे. 'अ' म्हणजे गुन्हा खरा, पण आरोपी सापडत नाही. 'ब' म्हणजे तक्रारच खोटी. 'क' म्हणजे गैरसमजातून दाखल झालेली, धड खरी नाही, धड खोटी नाही. आणि आरोपीच मेला असेल तर अबेटेड समरी. या चार खणांत महाराष्ट्रातल्या रस्त्यांवरची कितीतरी मरणं गडप होतात. वाहन पळून गेलं, 'अ'. बाई अचानक आडवी आली, 'क'. नवरा मोटारसायकलवरून उभ्या ट्रकवर आदळला, तर मेलेल्या नवऱ्यालाच आरोपी करून अबेटेड. रात्री दिवे न लावता, मागे लाल पट्टी न चिकटवता रस्त्यावर उभ्या केलेल्या ट्रकच्या मालकाला कुणी काही विचारत नाही. त्या विधवेच्या हातात जो कागद येतो त्यावर तिचा नवरा गुन्हेगार असतो, आणि विमा कंपनीचा वकील तोच कागद तिच्या दाव्यात फडकवतो.

आणखी एक प्रकार सांगते. मोटारसायकलवर नवरा-बायको चाललेत, पावसाळा आहे, खड्ड्यात चाक गेलं, मागे बसलेली बायको उडाली आणि मागून येणाऱ्या गाडीखाली गेली. गुन्हा कुणावर? नवऱ्यावर. हयगयीने वाहन चालवून बायकोच्या मृत्यूस कारणीभूत झाला म्हणून. खड्डा पंचनाम्यात "रस्ता किरकोळ नादुरुस्त" एवढ्या तीन शब्दांत मावतो, तोही मावला तर. २०१९च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १९८-अ कलम आलं. रस्त्याचं काम ठरलेल्या दर्जाचं न करणाऱ्या ठेकेदाराला, अधिकाऱ्याला त्यामुळे मरण ओढवलं तर १ लाख रुपयांपर्यंत दंड. तुरुंग नाही, नुसता दंड. तेही कलम लावलेला एकही कागद मी अजून हातात धरलेला नाही.

आता त्या मुलीच्या कागदांकडे येते, कारण सगळं त्यात आहे.

फिर्यादी कोण? हवालदार, सरकारतर्फे. आरोपी टँकरचालक, कलम २७९ आणि ३०४-अ. फिर्यादीत तेच ठरलेलं वाक्य, "भरधाव वेगात, हयगयीने, अविचाराने व वाहतुकीच्या नियमांकडे दुर्लक्ष करून". हे वाक्य इतकं पाठ आहे की खऱ्या हयगयीचं वर्णन करायची कुणाला गरजच वाटत नाही. वेग किती होता, टँकर वळत होता की सरळ जात होता, ब्रेकच्या खुणा किती फूट, नाक्यावरचा दिवा चालू होता का, यातलं काहीच नाही. घटनास्थळाचा पंचनामा सकाळी साडेनऊला, म्हणजे रस्ता धुऊन झाल्यावर. पंच दोन, दोघेही पुरुष, एक रसवंतीवाला आणि एक ठाण्यासमोरचा झेरॉक्सवाला. (मरणोत्तर पंचनाम्यासाठी कायदा म्हणतो, आजूबाजूचे दोन किंवा अधिक प्रतिष्ठित रहिवासी. बाई प्रतिष्ठित नसावी बहुधा. गेल्या तीन वर्षांत मी वाचलेल्या अपघातांच्या कागदांत पंच म्हणून बाई मला एकदाच भेटली.) साक्षीदार दोन. एक त्याच टँकरचा क्लीनर, दुसरा टँकर भरतात तिथला टपरीवाला. दोघांचंही म्हणणं एकच, जवळपास शब्दाला शब्द. बाई अचानक आली.

त्या नाक्यावर पहाटे साडेपाचला कोण असतं? आम्ही एका पहाटे जाऊन उभ्या राहिलो. तिथे झाडू मारणाऱ्या तीन सफाई कामगार बायका रोज असतात. त्यांनी सगळं पाहिलं होतं. "ती कडेला उभी होती ताई, पाटी खाली ठेवून. टँकर वळला तो आतूनच वळला, फुटपाथला घासून." त्यांना कुणी विचारलं का? नाही. त्या थांबल्या का नाहीत? कारण मुकादमाची हजेरी. हजेरी चुकली की दिवसाचा पगार गेला. भाजीवालीच्या मरणाच्या साक्षीदार झाडूवाल्या बायका, आणि त्यांच्या म्हणण्यावाचून एक केस बंद होते.

आता त्या गठ्ठ्यातला सगळ्यात महत्त्वाचा कागद. मुलीच्या काकांचा जबाब. प्रेत ताब्यात मिळण्यासाठी सिव्हिल हॉस्पिटलच्या चौकीत घेतलेला. शेवटची ओळ, "तरी माझी कोणाविरुद्ध काही एक तक्रार नाही."

मैत्रिणींनो, हे वाक्य ओळखीचं वाटतं का?

ज्या आपल्यापैकी जुन्या आहेत, ज्यांनी १९८०च्या दशकात जळालेल्या सुनांसाठी मोर्चे काढले, त्यांनी हे वाक्य शेकडो वेळा वाचलं आहे. स्टोव्हचा भडका उडाला. साडीने पेट घेतला. आमची कोणाविरुद्ध तक्रार नाही. तेव्हा बापाकडून हे वाक्य घेतलं जायचं, लेकीचं प्रेत हवं असेल तर सही कर म्हणून. आणि मग आकस्मिक मृत्यूची नोंद व्हायची. तेव्हा आपण काय म्हटलं? आपण म्हटलं, 'अपघात' हा शब्द तपासानंतर लिहायचा असतो, आधी नाही. त्या चळवळीच्या रेट्यामुळे १९८३मध्ये फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४मध्ये दुरुस्ती झाली, आणि लग्नानंतर सात वर्षांच्या आत बाईचं संशयास्पद मरण झालं तर शवविच्छेदन टाळायची सोय पोलिसांना राहिली नाही. त्याच वर्षी ४९८-अ आलं, १९८६मध्ये ३०४-ब. म्हणजे 'अपघात' या शब्दाशी आपण एकदा लढलो आहोत आणि काही अंशी जिंकलोही आहोत. घरातला अपघात आपण मानला नाही. रस्त्यावरचा मात्र दैव म्हणून मानतो, हार घालतो, घरी येतो.

आणि तो जबाब कायद्याने कवडीमोल आहे हे लक्षात घ्या. हयगयीने मृत्यू हा दखलपात्र गुन्हा आहे, तो राज्याविरुद्धचा गुन्हा आहे. काकांची तक्रार असो वा नसो, तपास व्हायलाच हवा. तो तडजोडीने मिटवताही येत नाही, ३०४-अ आपसात मिटवता यायचं नाही आणि नव्या न्याय संहितेतलं १०६(१)ही नाही. तरी प्रत्यक्षात मिटतं. टँकरमालकाचा माणूस तेराव्याच्या आधी घरी येतो. पुरुषांशी बोलतो. या मुलीच्या घरी ४० हजार रुपये आले, ते काकांनी घेतले आणि त्यातून क्रियाकर्म आणि काकांचं जुनं देणं फिटलं. मुलीला ते पैसे आल्याचं कळलं ते जबाबातल्या "आम्हांस मदत मिळाली आहे" या ओळीवरून. आईच्या मरणाची किंमत काय ठरली ते पोरीला पोलिसांच्या कागदातून कळावं!

आता ही दुसरी बाजू पाहा. १२ नोव्हेंबर २००६च्या पहाटे मुंबईत कार्टर रोडला एका गाडीने पदपथावर झोपलेल्या बांधकाम मजुरांना चिरडलं, सातजण मेले. सत्र न्यायालयाने २००७मध्ये ३०४-अ धरून सहा महिने दिले. उच्च न्यायालयाने त्याच वर्षी ३०४ भाग दोन, म्हणजे सदोष मनुष्यवध, धरून तीन वर्षं केली. २०१२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केलं. एकच रात्र, एकच गाडी, तीच माणसं मेलेली, आणि कलम मात्र कोर्टागणिक वेगळं. ३०४-अला जास्तीत जास्त दोन वर्षं होती आणि जामीन लगेच. ३०४ भाग दोनला दहा वर्षांपर्यंत, आणि जामीन कोर्टाच्या मर्जीवर. मे २०२४मध्ये पुण्यात कल्याणीनगरला दोन तरुण अभियंते मेले, त्यांत एक मुलगी. आधी ३०४-अ नोंदलं, मग ३०४ आलं. तीनशे शब्दांचा निबंध झाला, रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक झाली, सगळं आपण वाचलंच. ७ जुलै २०२४ला वरळीत ससून डॉकवरून मासळी घेऊन नवऱ्याबरोबर स्कूटरवरून घरी निघालेली एक कोळीण मोटारीखाली सापडली. तिला सुमारे दीड किलोमीटर फरफटत नेलं, असं पोलिसांनीच सांगितलं. गाडी चालवणारा सापडला तो ९ तारखेला. दोन दिवसांनी दारूचा तपास करून काय हाती लागणार ते हवालदारालाही कळतं. त्या केसमध्ये सदोष मनुष्यवधाचं कलम लागलं. लागलं ते बरंच झालं. पण वरळीतली ती मासळीवाली आणि आमच्या नाक्यावरची भाजीवाली यांच्यात फरक काय, तर एकीच्या दारात कॅमेरे आले आणि दुसरीच्या नाही.

शहर खवळलं तर कलम चढतं, नाही खवळलं तर समरी जाते. दोन्ही वेळा कारण लिहिलेलं नसतं. मला दोन्हींची भीती वाटते.

गेल्या जिल्हा मेळाव्यात मी हा विषय काढला तेव्हा मला ज्यांच्याविषयी आदर आहे अशा एक ज्येष्ठ कार्यकर्त्या म्हणाल्या, "अगं, हा वाहतुकीचा प्रश्न झाला. आपला नाही." दुसऱ्या एकीने आकडा दिला, रस्त्यावर मरणारे बहुतांश पुरुषच असतात ना? हो, असतात. २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली, त्यांत पुरुष फार जास्त. म्हणजेच मागे राहिलेल्या बायका फार जास्त. ठाण्यात, सिव्हिल हॉस्पिटलात, दाव्याच्या कोर्टात चकरा मारणारी, सासरच्यांनी नुकसानभरपाईच्या चेकवर डोळा ठेवलेली, 'पांढऱ्या पायाची' म्हणून घराबाहेर काढलेली बाई आपल्या केंद्रात येते तेव्हा आपण तिला परित्यक्तांच्या नाहीतर विधवांच्या रजिस्टरात लिहितो. तिचा प्रश्न पोलीस ठाण्यातल्या एका कागदापासून सुरू झाला होता, हे आपण विचारत नाही. आणि त्याच वर्षी मेलेल्यांत ३२,८२५ माणसं पायी चालणारी होती. पायी कोण चालतं? ज्यांच्याकडे गाडी नाही ते. आपल्या गावांत, वस्त्यांत गाडी असली तरी ती कुणाच्या हातात असते?

तिसरा आक्षेप मला जास्त टोचला, कारण तो खरा आहे. एक तरुण वकील मैत्रीण म्हणाली, "तुला आणखी गरीब ड्रायव्हर तुरुंगात घालायचे आहेत का?" नाही. त्या टँकरचा चालक सोलापूरकडचा २५ वर्षांचा मुलगा होता. त्याच्याच जबाबात आहे, आदल्या दिवशी सकाळपासून त्याच्या दहा खेपा झाल्या होत्या. खेपेवर पैसे, झोपेवर नाहीत. मला त्याला पाच वर्षं आत बसवून काय मिळणार? मला हवं होतं ते हे, की त्या दहा खेपा कुणी ठरवल्या ते फायलीत यावं. टँकरचा फिटनेस संपला होता का ते यावं. मालकाचं नाव साक्षीदार म्हणून नाही, तर ज्याची चौकशी झाली असा म्हणून यावं. खटला भरायचा की नाही, कुणावर, कोणत्या कलमाखाली, हे ठरवताना हे प्रश्न विचारले जावेत, आणि उत्तर 'नाही' असलं तर ते 'नाही' सही करून, कारण लिहून, त्या मुलीच्या हातात यावं. शिक्षा वाढवणं ही सरकारला सोपी गोष्ट आहे, फक्त छापावं लागतं. १ जुलै २०२४पासून आलेल्या न्याय संहितेने दोनाची पाच वर्षं केली. पळून जाणाऱ्याला दहा वर्षं, असं पोटकलमही लिहिलं. त्यावर जानेवारी २०२४मध्ये ट्रकचालकांनी चाकं थांबवली आणि संहिता लागू झाली ती ते पोटकलम वगळून. ट्रकचालकांचा मला राग नाही, हेवा वाटतो. त्यांची संघटना होती म्हणून त्यांचं ऐकलं गेलं. मेलेल्या भाजीवाल्यांच्या मुलींची संघटना नाही.

आणि एक विसंगती बघा. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत कलम २०खाली अभियोग संचालनालयाची कामं वाटून दिली आहेत. सात ते दहा वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यांत उपसंचालकाने पोलिसांचा अहवाल तपासून पाहायचा. त्याखालच्या गुन्ह्यांवर सहायक संचालकाने नुसतं लक्ष ठेवायचं. हयगयीने मृत्यूला पाच वर्षं. म्हणजे माणूस मेलं तरी त्याच्या फायलीची छाननी व्हायला दोन वर्षं कमी पडली! आमची मागणी साधी आहे. रस्त्यावर माणूस मेलं असेल आणि पोलीस समरी पाठवणार असतील, तर तपास पुरा झाल्यावर, कोर्टात जाण्याआधी, ती फाईल सरकारी वकिलाने वाचावी आणि आपलं मत कारणांसह लिहावं. त्याने तपासात लुडबूड करू नये. फक्त वाचावं आणि लिहावं. इंग्लंडात मृत्यूच्या अपघाताचा असा निर्णय पोलीस घेत नाहीत, सरकारी अभियोग सेवा घेते. शिक्षा होण्याइतका पुरावा आहे का आणि खटला लोकहिताचा आहे का, अशा दोन कसोट्यांवर. आणि २०१३पासून तिथे मृताच्या घरच्यांना 'खटला भरणार नाही' हा निर्णय पुन्हा तपासून मागण्याचा हक्क आहे. तिथेही सगळं आलबेल असेल असं मी म्हणत नाही. पण तिथे निर्णय घेणाऱ्याला नाव आहे आणि त्याच्या दारावर थाप मारता येते.

आपल्याकडेही एक दार आहे, ते एका बापाने उघडलं. १९८५चा भगवंत सिंग विरुद्ध पोलीस आयुक्त हा निकाल. त्यांची विवाहित मुलगी भाजून मेली होती. कोर्टाने सांगितलं, केस बंद करायचा अहवाल मान्य करण्याआधी फिर्यादीला नोटीस देऊन त्याचं ऐकलं पाहिजे. पण त्याच निकालात पुढे आहे, की जखमी किंवा मृताचे नातेवाईक फिर्यादी नसतील तर त्यांना नोटीस मिळण्याचा हक्क नाही. ते स्वतःहून हजर झाले तर मात्र ऐकलं जाईल. आता त्या मुलीचा गठ्ठा पुन्हा पाहा. फिर्यादी कोण होता? हवालदार. केस बंद होताना नोटीस कुणाला? हवालदाराला. "तुमची काही हरकत?" "नाही साहेब."

म्हणून मी ज्या ज्या संघटनेत जाते तिथे एकच सांगते. मरणाची बातमी आली की आपल्यातली एकजण सिव्हिलला आणि एकजण ठाण्यात. प्रेत ताब्यात घेताना 'तक्रार नाही' या ओळीवर सही करायची नाही, ती खोडून घ्यायची. प्रेत त्या ओळीवाचूनही द्यावंच लागतं. फिर्याद घरच्या बाईच्या नावाने द्यायची, ती लिहिता येत नसेल तर सांगून. नव्या संहितेत पीडित म्हणजे वारसही धरला आहे. एफआयआरची प्रत त्यांना फुकट मिळाली पाहिजे, आणि ९० दिवसांच्या आत तपास कुठवर आला ते पोलिसांनी फिर्यादीला किंवा पीडितांना कळवलं पाहिजे. २०२२पासून लागू झालेल्या मोटार वाहन नियमांनुसार ४८ तासांत अपघाताचा पहिला अहवाल दाव्याच्या न्यायाधिकरणाकडे जायचा असतो, आणि दहा दिवसांत हक्कांची माहिती देणारा फॉर्म घरच्यांना मिळायचा असतो. हा फॉर्म मागा. आमच्या भागातल्या ठाण्यात आम्ही मागितला तेव्हा अंमलदाराने ड्रॉवर उघडून बघितला, मग आमच्याकडे बघितलं. आणि आसपासच्या दुकानांचे कॅमेरे त्याच दिवशी पाहून लेखी अर्ज द्या, चित्रण जपून ठेवा म्हणून. पंधरा दिवसांनी ते पुसलं जातं.

त्या मुलीच्या केसमध्ये पेट्रोल पंपाचं चित्रण तसंच गेलं. आम्ही पोचलो तेव्हा नऊ महिने झाले होते. समरी अजून मंजूर झालेली नव्हती, तेवढं नशीब. तिने निषेध अर्ज दिला, दोन सफाई कामगार बायकांची प्रतिज्ञापत्रं जोडली (तिसरीच्या नवऱ्याने नको म्हटलं), आणि दंडाधिकाऱ्यांनी पुढील तपासाचा आदेश केला. ते सहायक सरकारी वकील त्या दिवशी उठून म्हणाले, "माझी हरकत नाही." तीन शब्द. पण ते फाईल वाचून बोलले होते, ते दिसत होतं.

पुढील तपासाचा अहवाल मी हे लिहीपर्यंत आलेला नाही. मुलगी दर तारखेला पॅकिंगच्या कामावरून अर्धी सुट्टी टाकून कोर्टात जाते. परवा मला म्हणाली, तिच्या वस्तीत आणखी एक बाई डंपरखाली गेली, तर हीच रात्री ठाण्यात जाऊन बसली आणि फिर्याद सुनेच्या नावाने लिहून घेतली.

अशा केसेस तुमच्याकडेही असतील. ज्या गटांकडे अपघातात मेलेल्या बाईच्या किंवा कुणाच्या बाईच्या नवऱ्याच्या, मुलाच्या केसचे कागद असतील, त्यांनी फिर्यादी कोण, पंच कोण, नातेवाइकांचा जबाब कुठे व कधी घेतला, आणि शेवट चार्जशीट की कोणती समरी, एवढ्या चार गोष्टी लिहून, माणसांची नावं काढून, त्रैमासिकाच्या पत्त्यावर पाठवाव्यात. पुढच्या अंकापर्यंत शंभर जमल्या तर आम्ही त्या घेऊन अभियोग संचालनालयात जाणार आहोत. बरोबर कोण येणार तेही कळवा.